इसान

— ती चिठ्ठी दे हिकडं. व्हय, तुझ्याच हातातली. इंद्रजीत नाव हाय की न्हाय तिच्यावर? मग. त्ये माझं मानूस हाय. तुला शेजारच्या खाटंवरचा आप्पा आला आसता तर मी काय बोलले नसते, आप्पाला गरम-गार कळतं, चटका बसला तर आई-बापावरनं शिव्या घालतो. ह्याला कमरंखाली कायबी कळत न्हाय. — बस हितं बंबापाशी, पानी कढायला आजून येळ हाय. सोलरला थंडीचं कोमटबी येत न्हाय, म्हनून पहाटंपास्नं हा पेटवून बसलेय. नाव काय म्हनलीस? चेतना. नर्सिंगची. पैलाच नाताळ हितला? मग तुला रीत ठावं नसंल.

मिशनच्या ह्या घरात नाताळाला केक-बिक नंतर, आदी आंघोळ. डब्यात हितल्या पेशंटांच्या नावाच्या चिठ्ठ्या घालायच्या, डाक्टरपास्नं झाडूवालीपतूर ज्यानं त्यानं एक उचलायची, आन् जो निघंल त्याला आपल्या हातानं न्हाऊ घालायचं. थोरल्या सिस्टरनी पाडली ही रीत, वारल्या त्या. त्या म्हनायच्या, गोठ्यात लेकरू जल्मलं, मेंढपाळ आले, लांबनं शानी मानसं आली, सगळं लिवून ठिवलं — पर त्या लेकराला पैली आंघोळ कुनी घातली ते लिवायचं राह्यलं. कुना बाईनंच घातली आसंल की. तिच्या नावानं ही आंघोळ. मी काय किरिस्ताव न्हाय, माझ्या खोलीत सिद्धेश्वराचा फोटू हाय, पर ही गोष्ट मला पटली. का? कारन माझं कामच ते. मंद्रूपात चाळीस वर्सं बाळंतिनी आन् बाळं न्हाऊ घातली. पाय लांब करून पायावर लेकरू घ्यायचं, कढत पान्यात इसान घालायचं — गार पानी गं, बेताबेतानं — कोपर बुडवून बघायचं, मगच वतायचं. हाताचं ऐकू नये, हात राबून राबून मेलेला आसतो. कोपराला कळतं. चाळीस वर्सांत एका लेकराला चटका बसला न्हाय माझ्या हातनं. एकाला न्हाय. हे ध्यानात ठिव.

इंद्रजीत करकंबचा. माझ्या नंदेचा पोरगा — जल्मला तवा पैली आंघोळ माझ्याच पायावर झाली. आन् त्यालाच माझी पूनम दिली. मामाची पोरगी, घरातल्या घरात, कोन नको म्हनतंय? सा वर्सं मारली त्यानं तिला. पट्ट्यानं, चपलीनं, हातात घावंल त्यानं. दिवाळीला आली तर कानातनं पू येत हुता. इचारलं तर म्हनली, कानात पानी गेलं. मला काय कळत न्हवतं? सगळं कळत हुतं. तरी बांगड्या भरल्या आन् परत धाडली. मी धाडली. — मग एक दिस सकाळी ह्याच्या आंघोळीच्या बादलीत इसान कमी पडलं. बोटं पोळली ह्याची. एवढंच. चुलीवरचं पातेलं उचललं आन् तिच्या अंगावर उपडं केलं, गळ्यापास्नं मांडीपतूर. नऊ दिस हुती हितं सोलापुरात दवाखान्यात. चादर वढली की कातडं संगं यायचं. पोलीस आला लिवून घ्यायला, तर नवरा म्हनून आत घेतलेला हा पायथ्याला हुबा. ती म्हनली, "माझ्याच हातनं सांडलं." झालं. कागद बंद. नवव्या दिशी गेली. शेवटची आंघोळ मीच घातली — गार पान्यानं. गरम घालवंना मला.

कोयता घिऊन गेले हुते की करकंबला. दाराशी गाठला हुता त्याला, दंडावर एक वार बसलाबी, बघशील आंघोळीला, वण हाय आजून. मानसांनी धरलं मला, न्हायतर तितंच तोडला आसता. फुडं मंद्रूपात मला कोन न्हाऊ घालायला बोलवंना. जिची लेक पान्यानं मेली तिच्या हातचं पानी लेकरावर कोन घेतंय? म्हनून हितं आया म्हनून लागले. तीन वर्सं झाली आन् एक दिस करकंबहून गाडी आली, आत इंद्रजीत. ऊस भरलेल्या ट्रॉलीवरनं पडला हुता, मनका गेला, भावांनी काय दिस ठिवला आन् हितं आनून टाकला. मी बघितलं, त्यानंबी बघितलं, आन् भिंतीकडं तोंड केलं. मी कुनाला सांगितलं न्हाय. सांगितलं आसतं तर मला दुसऱ्या वार्डात घातलं आसतं. मला त्याच्यापाशीच ऱ्हायचं हुतं. भरवताना चमचा दातावर आपटायची मी. कूस बदलताना नखं रुतवायची. बघू नको आशी, खरं तेच सांगतेय.

गेल्या नाताळाला त्याची चिठ्ठी मला आली. स्टुलावर बसवून बांधला, दार लावलं, बंबाची बादली भरली. इसान घातलं न्हाय. इसरले न्हाय पोरी — घातलं न्हाय. एक मग मांड्यांवर वतला. दुसरा वतला. तो कवा वरडतोय म्हनून कान लावून बसले. आन् तो मेला माझ्याकडं बघून इचारतोय, "मामी, पानी घातलं का?" लागतच न्हवतं त्याला. मग खाली बघितलं त्यानं. कातडं वर यायला लागलं हुतं. तवा त्याला कळलं. तिसरा मग माझ्या हातात भरलेला, तोंडावर मारायचा — तितं लागलं आसतं की. हात वर हुता माझा. न्हाय मारला. का ते इचारू नको, मला ठावं न्हाय.

डाक्टर धावत आले, कसं झालं म्हनून. मी सांगनारच हुते. ह्या बजाबाईचा हात चुकला म्हनून कोन मानंल? तोंड उघडलं तर माझ्या आदी तोच बोलला. म्हनला, "माझ्याच हातनं सांडलं." तिचंच, शब्दाला शब्द. त्याच टायमाला त्याचा गळा आवळावा वाटला.

मग चार म्हैने पट्ट्या कुनी केल्या? मीच. दुसरीला हात लावू दिला न्हाय. रोज मेलेलं कातडं काढायचं, धुवायचं, मलम लावायचं. पूनमला नऊ दिस मला आत सोडत न्हवते, काचंतनं बघायची मी. तिचं करायचं राह्यलं ते सगळं ह्याच्या मांड्यांवर केलं. काय? माफ केलं? माफ-बिफ काय न्हाय. थोरल्या सिस्टर म्हनायच्या, बजाबाई, आदी हात कामाला लाव, मन येतंय मागनं. न्हाय आलं बाई. हात तेवढा गेला फुडं.

आता पाठीला जखमा पडल्यात, ताप उतरंना. डाक्टर म्हनले, फुडचा नाताळ न्हाय बघायचा हा. पैली माझ्या पायावर झाली, शेवटचीबी माझ्याच हातनं हुऊ दे. — मागं का सरकलीस? भ्यालीस? भ्यायलाच पायजे. मीबी भ्यालेय. दे.

...दिलीस. बरं. आता ऐक. तूबी आत यायचं. बादली मी भरनार, इसान मी घालनार, पर कोपर तुझं. बाही वर कर आन् नीट बुडवून बघ. तू व्हय म्हनल्याबिगर मी मग उचलनार न्हाय. आन् दार सताड उघडं ठिवायचं. — कढलं बघ पानी. ऊठ. आताच्या सिस्टरला काय सांगायचं ते आंघोळ झाल्यावर सांग. आता बोलू नको.