खुर्चीवरून तीन ग्रह

सन २०१६, मे महिन्यातील एका रविवारी सकाळी, पनवेलच्या एस.टी. स्थानकावर उरणच्या गाडीसाठी मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे करंज्याची एक कोळीण रिकामी टोपली घेऊन उभी होती. तिच्यासोबतच्या मुलामुलीचा वाद संगणकावरील अवकाशयानाच्या खेळावरून पेटला होता; पैज होती हलक्यात हलक्या यानाने तीन ग्रहांवर उतरून परत येण्याची, आणि जिंकणाऱ्याकडे सुट्टीभर लॅपटॉप राहणार होता.

“कुंदनदादा, तुझ्या यानाच्या निम्म्या वजनात तीन ग्रहांवर उतरून परत आले. हार मान!”

“परत काय आलं, कोमल? नुसती खुर्ची!”

“खुर्चीवर माझा अंतराळवीर होता. केबिनचं वजन परवडत नव्हतं.”

“आणि इंजिन?”

“इंधन संपलं, तसं सोडून दिलं. टाक्या, पाय, शिडी, सगळं वाटेत टाकलं.”

“शेवटी तर त्याने अवकाशातच उतरून, पाठीवरच्या छोट्या जेटच्या जोरावर खुर्ची मागून ढकलली!”

“ढकलली. मग पॅराशूट उघडलं आणि समुद्रात उतरला. जिवंत!”

“यान परत आलं नाही, तर मोहीम पुरी नाही. आये, तूच सांग.”

“कुंदन, तुजा बाबा तुफानात जाली कापून, सगली मासली दर्यात टाकून आलता. तवा एकवीरेला नारल कोनी दिला?”

“मीच दिला. पण आये, होडी तरी आली होती ना!”

“नारल होरीसाठी दिलास का बाबासाठी?”

“...बाबासाठी.”

“मंग लॅपटॉप दे तिला. मानूस घरा आला, फेरी पुरी झाली.”