मलखनिज: अर्थ आणि वाक्यात उपयोग

…नाही, पण मला सांगा, दुसरा शब्द मिळाला नसता का? मलखनिज! अहो, खाणीतून धातूचा दगड निघतो, त्याला बिनकामाचा खडक चिकटलेला असतो, तो म्हणजे मलखनिज. प्रयोगशाळेत मी दिवसभर तोच वेगळा करतो, कुटतो, डब्यांत भरतो, आणि साहेबांचा हुकूम, "एवढं लांबलचक कशाला? नुसतं 'मल' लिहा." वीस वर्षं डब्यांवर मल लिहितोय, शिसारी आलीय नुसती…

त्यात सासऱ्यांचं पोट बिघडलं, तीन आठवडे थांबेचना. डॉक्टरांनी तपासणी सांगितली. सासरे पडले निवृत्त हेडमास्तर, त्यांनी मी घरी आणून ठेवलेली रिकामी डबी घेतली, वर वळणदार अक्षरात लिहिलं 'मल', आणि सकाळी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "जाताजाता दवाखान्यात द्या, जावईबापू." आता पिशवीत माझी दगडाच्या चुऱ्याची एक डबी होतीच, आदल्या दिवशी चुकून घरी आलेली. दवाखान्याच्या खिडकीत मी दिली एक, कामावर टेबलावर ठेवली दुसरी. दुसरा शब्द असता, तर झाला असता का हा घोळ?

तुम्हाला सांगतो, अकरा वाजता साहेबांनी टेबलावरची डबी उघडली, आणि… जाऊ दे, तुम्ही जेवून आला असाल. त्यांनी झाकण घट्ट लावलं. मग नाकाला रुमाल लावून हळूच म्हणाले, "यात ओलावा फार आहे हो."

तिकडे दवाखान्यातून बायकोला फोन. "अहो ताई, आजोबांच्या डबीत नुसता दगडाचा चुरा आहे, ते खातात तरी काय?" सासऱ्यांनी ऐकलं आणि थेट अंथरूणच धरलं. मी धावतपळत घरी पोहोचलो, तर मुलीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, हात धरून त्यांची निरवानिरव चाललेली!

म्हटलं, "बाबा, तो दगड माझा, मलखनिज म्हणतात त्याला, तुमचा नव्हे." दवाखान्यात नवी डबी नेऊन दिली, साधा जंतुसंसर्ग निघाला, आठवड्यात ठणठणीत. पण हेडमास्तर ते, सोडतात होय? "मलखनिज म्हणजे नेमकं काय? अर्थ सांगा." बायकोसमोर, उभं राहून सांगितला… "मौल्यवान धातूला चिकटलेलं, स्वतः काही कामाचं नसलेलं, आणि सोडवता सोडवत नाही असं."

बाबांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाक्यात उपयोग करून दाखवू?"

म्हटलं, नको बाबा, समजला.