रोज एक चूक

दातांच्या दवाखान्यात शिंपी गाल धरून बसला होता. शेजारी एका पोरीचा बाप तिच्या वर्गाच्या बाईंशी बोलत होता.

"बाई, तुम्ही रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम करता म्हणे?"

"हो, मुलांनी पकडायची."

"अहो, काल पाहुण्यांसमोर मी सात आठे चोपन्न म्हणालो, तर कार्टी म्हणते, बाबा, चुकलात!"

"मग, चुकला नव्हतात?"

"चुकलो होतो. पण चारचौघांत?"

"वर्षाच्या सुरुवातीला तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता."

शिंपी आपली दाढ विसरला.

"आणि एखाद्या दिवशी तुम्ही खरंच चुकलात तर?" बापानं विचारलं.

"चुकले ना, सोमवारी. तिनंच पकडलं."

"मग काय केलंत?"

"सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तुम्ही काय केलंत?"