फळा आणि निवळी

छातीच्या दवाखान्यातल्या बाकावर आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारचं बोलणं आपसूक पडत होतं. एक विज्ञानाच्या बाई, दुसरे त्यांच्याच शाळेच्या प्रयोगशाळेतले काका.

"चुन्याची निवळी शिळी होती, काका. नळीतून इतकं फुंकलं, तरी दुधाळ झाली नाही."

"तीनदा ताजी करून दिली, बाई."

"मग चुनाच वाईट."

"त्याच निवळीत पहिल्या बाकावरच्या पोरीनं फुंकलं. झाली की दुधासारखी."

"तिचा दम दांडगा."

"आणि तुमचा? जिना चढून वर्गात आलात की आधी फळ्याकडे तोंड करून फळा पुसता. कोरा असला तरी पुसायचात."

"सवय आहे मला."

"कोरा फळा पुसताना पोरं टकामका बघायची. म्हणून दोन वर्षं झाली, सकाळी मी तो पुसतच नाही. तुमच्यासाठी ठेवतो."

शिंप्यानं मान खाली घातली.

"बाई, आत या," नर्सनं हाक मारली. "नळीत जोरात फुंकायचंय."

बाई उठल्या. पर्स त्यांनी काकांच्या हातात दिली.

"उद्यापासून फळा पुसून ठेवा, काका. जिना चढून आले की मी आधी खुर्चीत बसेन."