सहा वर!

पण आकडा माझा बरोबर होता! ह्ये आधी ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा. आख्खी पेठ हसतीय मला, माझा सख्खा मेव्हणा सिद्धप्पा तर दुकानात येऊन टॉवेल चाचपतो आणि विचारतो, "काय दाजी, सहा वर का सहा खाली?" आता ह्याला टॉवेल दाखवायचा का दार?

तुमाला सांगतो, आमची श्रीदेवी, म्हणजे आमची मंडळी हो, हायस्कुलात गणित शिकवती आणि रायफल क्लबात नेम धरती. लई भारी नेम! औंदा क्लबानं जोडीची स्पर्धा ठेवली. एकानं गोळी मारायची, दुसऱ्यानं शेजारी बसून दुर्बिणीतनं बघायचं आणि किती चुकली ते सांगायचं. जी जिंकंल तिला राज्याच्या स्पर्धेला पाठवणार. श्रीदेवीला जायचं होतं हो... झोपेतसुद्धा एकच डोळा मिटायची!

आता गोळी किती चुकली ते कोनात मोजायचं, आणि मापं दोन! एक मिनिट, घड्याळाचं न्हवं, कोनाचं, आणि दुसरं मिल. ती म्हणली, "अहो, मिल घेऊ या. शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर, सरळ हिशेब." मी म्हणलं, "छ्या! मिनिट! शंभर यार्डावर जवळजवळ एक इंच!" अहो, जन्म गेला तीस बाय साठ इंचाचे टॉवेल इकण्यात, मला सेंटिमीटर कुठनं सुचणार? क्लबाचा सेक्रेटरी चनमल्लप्पा हात जोडून सांगत होता, "मालक, कुठलंबी घ्या, पर दोघांचं एकच घ्या!" ऐकतंय कोण? तिनं बंदुकीवर मिलची दुर्बीण बसवली, मी माझी मिनिटाची आणली. म्हणलं, डोक्यात हिशेब करून सांगीन की! साडेतीनला जरा कमी मिनिटांचा एक मिल... म्हणजे गुणायचं का भागायचं?... त्ये असू द्या, पण आकडा माझा बरोबर होता!

स्पर्धेदिवशी ती बंदुकीमागं आडवी झाली आणि म्हणली, "आज तुम्ही म्हणाल तेवढंच." आता बघा, लग्न झाल्यापास्नं ह्या बाईनं माझं एक ऐकलेलं न्हाय. भाजीचं मीठ, पोरीचं नाव, घराचा रंग, सगळं तिचं. आणि आज म्हणती तुम्ही म्हणाल तेवढंच! माझी छाती अशी फुगली की भागाकार कुटल्या कुटं उडाला.

पहिली गोळी. बघितलं, मोजलं, माझ्या दुर्बिणीत सहा रेघा खाली, एका रेघंला एक मिनिट. म्हणलं, "सहा वर!" ती म्हणली, "एवढे?" मी म्हणलं, "एवढेच!" तिनं बंदुकीवरच्या दुर्बिणीचं चाक कटकट कटकट सहा फिरवलं... सहा मिल! पन्नास मीटरवर चार बोटं उचलायची ती गोळी फूटभर उचलली की हो! दुसऱ्या गोळीला कागदावर भोकच दिसंना. मला वाटलं, खालनंच गेली. "आणखी सहा वर!" तिनं एकदा माझ्याकडं बघितलं... आणि फिरवलं. मागच्या मातीच्या बांधावर ही धूळ उडाली, चनमल्लप्पा "अय्यो, अय्यो!" करत पळत आला, आणि तोवर वेळ संपली. राज्याला गेली सिद्धप्पाची बायको रत्नम्मा. आणि त्या दोघांचं माप कुठलं? मिनिट!

वरडली असती तर बरं वाटलं असतं हो. न्हाय. बंदूक क्लबात जमा केली, घरी येऊन माझ्यासाठी चहा टाकला. साखर मला लागती तेवढी, बरोब्बर! तेव्हापास्नं क्लबाचं नाव काढीना ती.

काल न राहवून म्हणलं, "श्रीदेवी, मिल तर मिल, मी माझी दुर्बीण बदलून आणतो, तू परत चल की." शेवटचं भांडं फळीवर लावलं. मग म्हणली, "आणा बदलून. पण तुम्ही नुसतं वर का खाली एवढंच सांगायचं. किती, ते माझं मी बघीन."

मी म्हणलं, बरं. आकडा माझा बरोबर होता, पर कुणाला सांगू? आख्ख्या संसारात एकदाच ऐकलं हो तिनं माझं... आणि नेमकं तेच ऐकायला नको होतं!