पेशी उपाशी राहतील ना!

संधी! संधी म्हणे! जाहिरातीत काय मोठ्ठ्या अक्षरांत छापलं होतं तुम्हाला सांगते, 'प्रजननशास्त्र आणि मूळपेशी, डॉक्टरेटसाठी संशोधनाची संधी', आणि खाली एका मुलीचा फोटो, पांढरा कोट, हातात गुलाबी पाण्याची थाळी, आणि हसतेय... ती मुलगी का हसत होती हे मला आजतागायत कळलेलं नाही. बहुतेक फोटो काढून झाल्यावर ती घरी जाणार होती.

मी कुठली घरी जातेय! मूळपेशी म्हणजे काय, तर जिचं अजून काहीच ठरलेलं नाही अशी पेशी. मनात आलं तर हृदय होईल, मनात आलं तर कातडी होईल. माणसाचं पोर असतं तर आमच्या आत्यानं धरून इंजिनीअरिंगला घातलं असतं! आणि मी काय करायचं, तर तिला चुचकारत, गोंजारत स्त्रीबीजाच्या वाटेला लावायचं. वाट महिनोन् महिन्यांची, आणि ह्या बायांना रोज ताजं जेवण लागतं हो! ते गुलाबी पाणी म्हणजे त्यांचं जेवण. कालचं काढायचं, आजचं वाढायचं. रविवार नाही, उगादी नाही, गौरी नाही, चुलतबहिणीचं डोहाळजेवण नाही. एक दिवस चुकला की मरतात, नाहीतर भलत्याच वाटेला लागतात. म्हैसूरला आई-बाबांकडे दोन दिवस जाऊन येते म्हटलं तर आमचे सर चष्मा कपाळावर चढवणार आणि म्हणणार, "मनस्विनी, यू सी, सेल्सना संडे नसतो." बरं, सेल्सना नसतो, मला तर असतो ना? नसतो! मग मीही शिकले. कुणी काही विचारलं की आपलं एकच. लग्नाला येतेस? नाही हो, पेशी उपाशी राहतील ना! दवाखान्यात जा, ताप आहे तुला! नंतर जाते, पेशी उपाशी राहतील ना!

आणि लोकांना वाटतं मी मुलं होण्याची डॉक्टर! इथे बंगळूरला, यशवंतपूरला मी आत्याकडे राहते, वसुमती आत्या, वडिलांची थोरली बहीण, तिच्या भजनातल्या सकवारबाई मला जिन्यातच अडवतात. "मनू, आमच्या सुनेला बघ की स्वल्प." म्हटलं, "काकू, मी माणसं बघत नाही, पेशी बघते." "मग पेशी बघ की तिच्या!" आता बोला!

बरं, दुसऱ्यांच्या सुनांचं राहू द्या, मी स्वतः सून व्हायची थांबलेय त्याचं काय? रविकिरण. सर्जापूर रोडला राहतो. बंगळूरचा तुम्हाला अनुभव असेल तर पुढचं सांगायला नको, यशवंतपूरहून सर्जापूर रोडला जाऊन यायचं म्हणजे मध्ये पेशींचं एक जेवण हुकलंच. म्हणून आम्ही भेटतो अधेमध्ये, इंदिरानगरला, तेही मी कोट न काढताच. पोरगा गुणी आहे हो, थांबलाय. त्याच्या आईनं स्वच्छ सांगितलं, "प्रबंध दे, की लगेच बार उडवून देऊ." आणि प्रबंध अडला होता एका शेवटच्या प्रयोगावर. पावसाळ्याच्या तोंडाला लावलेल्या थाळ्या, काय सुंदर चालल्या होत्या! त्या पार पडल्या की प्रबंध, प्रबंध झाला की लग्न, आणि लग्न झालं की दोन दिवस, नुसते दोन दिवस, कुठेतरी जायचं, जिथे मला कुणाला काही भरवायचं नाही!

आत्याचा तर धोशाच होता. "त्या मेलींना म्हणावं, एक दिवस एकादशी करा. मी नाही करत? मरतेय का मी?" म्हटलं, "आत्या, ते त्यांचं जेवण आहे गं, जेवण! पेशी उपाशी राहतील ना!" हे मी तिला इतक्यांदा सांगितलंय... इतक्यांदा सांगितलं, तिथेच माती खाल्ली.

झालं काय, त्या रविवारी पेशींचं वाढून झालं आणि आमची कोल्ड रूम पडली बंद. सर म्हणाले, आपापल्या बाटल्या घरी न्या, उद्या सकाळी आणा. मी माझी गुलाबी बाटली बर्फाच्या डब्यातून मांडीवर घेऊन रिक्षातनं घरी आणली. रिक्षावाला आरशातून बघत होता, काय वाटलं असेल त्याला कोण जाणे. घरी फ्रिजमध्ये डोशाच्या पिठामागे ठेवली. आत्याला बजावलं, "हात लावायचा नाही." ती म्हणाली, "सरी, बरं." आणि मी मेली आडवी झाले, उपाशीच.

सोमवारी सगळ्या थाळ्यांना त्याच बाटलीतून वाढलं. मंगळवारी बघते तर गुलाबी पाण्याचं ताक! गढूळ, पिवळट. सूक्ष्मदर्शकाखाली थाळी धरली तर आत जंतूंची जत्रा भरलेली, आणि माझ्या पेशी... सर आले, त्यांनी पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि ब्लीचची बाटली माझ्यापुढे ठेवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं हो! सगळ्या थाळ्यांवर मी माझ्या हातानं ब्लीच ओतलं आणि तिथेच स्टुलावर बसून भोकाड पसरलं. लाज नाही, काही नाही.

घरी आले. "आत्या, मेल्या गं सगळ्या."

"असं कसं होईल?" आत्या चक्रावलीच. "अय्यो, दर्भ घातला होता मी!"

"...कशात?"

"तुझ्या त्या पाण्यात. ग्रहण नव्हतं का रविवारी? वेध लागायच्या आधी दुधात घातला, दह्यात घातला, लोणच्यात घातला. हात नाही हो लावला, नुसतं झाकण उघडून काडी सोडली, ग्रहण सुटल्यावर काढली. तूच सांगत होतीस ना, जेवण आहे त्यांचं? मग ग्रहणात घरातल्या सगळ्यांचं जेवण राखायचं आणि त्या पोरींचं तेवढं वगळायचं? परक्या आहेत म्हणून?"

चिडायला तोंड उघडलं, तर तिचेच डोळे भरलेले. आम्ही दोघी डोशाच्या पिठासमोर बसून रडलो. तिनं तर सुतक असल्यासारखा चहासुद्धा सोडला.

दुसऱ्या दिवशी मी मोकळी! खायला मागणारं कुणी नाही! इंदिरानगरला रविकिरणसमोर बसले, कोट नाही, डोसा आला, कॉफी आली, तो म्हणाला, "आज निवांत." आणि मी घड्याळ बघून उठले! "निघते रे, पेशी उपाशी राहतील ना!" तो हळूच म्हणाला, "मनू... गेल्या ना त्या?" तिथेही रडले. वेटरला वाटलं चटणी तिखट आहे. तेवढ्यात सरांचा फोन, गोठवून ठेवलेल्या पेशींची एक कुपी शिल्लक होती, ती वितळवली, ये. म्हणजे पहिल्यापासून! सगळं! गेले, काय करते...

पण खरी गंमत पुढे. आत्यानं पश्चात्तापानं कंबर कसली. आता सकाळी तीच मला गदागदा हलवते, "ऊठ गं, पोरी वाट बघतायत!" डबा तयार, चपला दाराशी सरळ करून ठेवलेल्या. काल मला कणकण होती, म्हटलं आज नाही जात, तर माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं तिनं!

आणि तेवढ्यात फोन वाजला, रविकिरणच्या आईचा. आत्यानंच घेतला. पलीकडून त्या मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणत होत्या, प्रबंधाचं होईल तेव्हा होवो, आम्ही आता थांबत नाही, येत्या महिन्यात मुहूर्त आहे, उरकून टाकू. मी पलंगावर उठून बसले! ताप पळाला! म्हटलं, सुटले! आत्या तर इतकी वर्षं माझ्या लग्नासाठी देव पाण्यात घालून बसलेली. आता ही म्हणणार, घेऊन जा, आज घेऊन जा!

आत्यानं पदर सावरला, घसा साफ केला.

"छे हो, येत्या महिन्यात कसं जमेल? हळद लागली की हिला घराबाहेर पडता येणार नाही... पेशी उपाशी राहतील ना!"

आणि फोन ठेवून दिला. वाक्य माझंच होतं. डबा उचलला आणि निघाले.