आई कपडे शिवते

बाबा : …आणि तो जाड कोट? तो कुठे कोंबणार?

लेक : तो अंगावर घालूनच विमानात बसणार.

बाबा : इथे उतरशील तेव्हा घामाने निथळशील. लोक म्हणतील, पाट्या रंगवणाऱ्याची लेक परदेशात शिकून आली आणि अक्कल तिकडेच विसरली.

लेक : म्हणू देत. बॅगेत आता रुमाल मावायची जागा नाही. बाबा, फोन जरा सरळ धरा. मघापासून तुमचा नुसता कान दिसतोय.

बाबा : कानच बरा. दाढी केलेली नाही. आता?

लेक : आता दिसताय. मागे ते निळं काय आहे? पडदा?

बाबा : तुझ्या खोलीला लावलाय. मीच शिवला.

लेक : तुम्ही? आईच्या मशीनवर?

बाबा : मग काय, ब्रशने शिवू? पडून पडून गंजायला लागलं होतं बिचारं. तेल घातलं, सुई बदलली. पहिल्या दिवशी पडद्याबरोबर बोटही शिवणार होतो, थोडक्यात वाचलो.

लेक : एका बाजूने वर गेलाय.

बाबा : चांगला वीतभर. तुझी आई असती तर अख्खा उसवून माझ्या हातात दिला असता. रागावलीस?

लेक : मशीनला हात लावलात म्हणून? मला वाटलं होतं, रागावेन. पण उलट बरं वाटलं. घरात तो आवाज होता म्हणजे.

बाबा : होता तर. शेजारच्या काकू दारातून डोकावून गेल्या. दुसऱ्या दिवशी उशीची फाटकी खोळ घेऊन हजर.

लेक : आणि घेतलीत तुम्ही?

बाबा : आल्या गिऱ्हाइकाला परत कसं पाठवू? तुझं काय बिनसलंय पण? काल निकाल सांगताना उड्या मारत होतीस.

लेक : बिनसलं नाही. खोली रिकामी झालीय ना, बोललेलं घुमतंय. बाबा, माझे इथले दिवस फार छान गेले. जिन्यात सकाळी साबणाचा वास, वाचनालयात खिडकीजवळची माझी ठरलेली खुर्ची, कोपऱ्यावरचा भाजीवाला माझे उच्चार सुधारल्याशिवाय कांदे देत नाही. पाय निघत नाहीये. आणि घरी कधी येते असंही झालंय. दोन्ही एकदम.

बाबा : मग त्यात वाईट काय?

लेक : घरमालकीण बाई आईसाठी स्वेटर विणतायत.

बाबा : कोणाच्या आईसाठी?

लेक : माझ्या.

बाबा : ठमे, तू त्यांना अजून सांगितलं नाहीस?

लेक : नाही.

बाबा : अगं, आई जाऊन वर्ष होऊन गेलं. तू तिकडे गेलीस तीच त्यानंतर.

लेक : माहितीये. पण मी खोटं बोलायला बसले नव्हते हो. आले तेव्हा मला यांच्या भाषेतला फक्त वर्तमानकाळ येत होता. भाषेच्या वर्गातला पहिला धडा, माझे कुटुंब. त्याच संध्याकाळी बाईंनी जेवताना विचारलं, घरी कोण कोण असतं? मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. माझे वडील पाट्या रंगवतात. माझी आई कपडे शिवते.

बाबा : शिवते.

लेक : "शिवायची" मला येतच नव्हतं.

बाबा : पाटीवर रंगवायचं तर एकच अक्षर वाढतं.

लेक : ते अक्षर पुढच्याच महिन्यात वर्गात शिकवलं. मी ते घरी आणलं नाही. रविवारी जेवताना त्या विचारायच्या, आई सध्या काय शिवतेय? मी सांगायचे, शाळेचे गणवेश. शाळेला सुट्टी लागली की उशांच्या खोळी. ती दोरा दातांनी तोडते आणि मी ओरडते, हेसुद्धा त्यांना माहीत आहे. स्वेटरसाठी माप विचारलं, तेही दिलं. तोंडपाठ आहे मला.

बाबा : हं.

लेक : आपल्या गल्लीत सगळे माझ्याशी आवाज खाली घेऊन बोलतात, बाबा. इथे कोणी घेतला नाही. या एका घरात ती अजून मशीनवर बसलीय. मी सांगितलं की इथूनही उठेल.

बाबा : मग नको सांगू. स्वेटर घे आणि ये.

लेक : आणि त्या वाट बघतील त्याचं काय? आवडला का, अंगाला बसला का, फोन करून विचारतील. किती दिवस तिला शिवत बसवू मी?

बाबा : मग सांगून टाक.

लेक : धड एक काय ते बोला ना!

बाबा : मी पाटीवाला, बाई. अक्षर माझं, मजकूर गिऱ्हाइकाचा.

लेक : थांबा, दार वाजलं. त्याच असणार.

(इथून लेक आणि घरमालकीण त्या देशाच्या भाषेत बोलतात. बाबांना ती येत नाही. फोन चालू आहे.)

घरमालकीण : बॅग बंद केलीस? उघड पुन्हा. आत्ता सकाळी शेवटची बाही जोडली.

लेक : किती सुरेख झालाय.

घरमालकीण : गळा मुद्दाम मोठा ठेवलाय. मान वाकवून काम करणाऱ्या बाईला घट्ट गळा काचतो. बाह्याही आखूड, मशीनच्या चाकात जायला नकोत. फोनवर आई आहे का?

लेक : बाबा आहेत.

घरमालकीण : मग आईला बोलवा म्हणावं! तिला दाखवते.

बाबा : काय म्हणतायत गं?

लेक : आईला बोलवा म्हणतायत. बाबा, फोन ठेवू नका.

बाबा : नाही ठेवत.

लेक : बाई, बसा ना. खुर्चीवर पुस्तकं आहेत, इथे पलंगावर बसा. मला एक वाक्य दुरुस्त करायचं आहे.

घरमालकीण : जायच्या दिवशी व्याकरण?

लेक : पहिल्या दिवशीचं वाक्य आहे. माझी आई कपडे शिवायची.

घरमालकीण : शिवते. शिवायची म्हटलंस तर आता शिवत नाही, असं होईल.

लेक : हो.

घरमालकीण : डोळे अधू झाले का तिचे?

लेक : नाही.

घरमालकीण : अरे देवा. कधी?

लेक : मी इथे यायच्या आधी.

घरमालकीण : म्हणजे रविवारी आपण जे…

लेक : दर रविवारी. तुम्ही विचारायचात, म्हणून ती असायची. चूक माझी आहे.

घरमालकीण : थांब. तुझ्या चुका आल्या दिवसापासून मी काढतेय, ही पण मलाच ठरवू दे. दोरा दातांनी तोडायची, हे खरं?

लेक : खरं.

घरमालकीण : तोंडात टाचण्या धरून गाणं म्हणायची, ते?

लेक : तेही खरं. फक्त काळ चुकला.

घरमालकीण : मग माझी तिची ओळख झालेली आहे. ती काही पुसायला नको.

बाबा : ठमे? सांगितलंस?

लेक : सांगितलं.

बाबा : मग?

लेक : स्वेटर मांडीवर घेऊन बसल्यात. माझा हात धरलाय.

घरमालकीण : हा तुला व्हायचा नाही. तू हाडापेराने मोठी.

लेक : बाबांना होईल. दोघांचं माप एकच. ती त्यांचे शर्ट स्वतःच्या अंगाला लावून बेतायची.

घरमालकीण : पुरुषाला असला गळा? आणि या बाह्या?

लेक : बाबा, स्वेटर तुम्हाला आणते. पण त्या म्हणतात, गळा फार मोठा आहे आणि बाह्या आखूड.

बाबा : अगं, उत्तमच की. दिवसभर मान वर करून रंगवायचं, घट्ट गळा काचतो मला. आणि लांब बाही जाते रंगाच्या डब्यात.

घरमालकीण : काय म्हणतात?

लेक : तुम्ही मघाशी म्हणालात तेच.

घरमालकीण : मग घे. कोटाच्या आतून घाल, बसेल कसाबसा. आणि ते मशीन? आता बंदच असेल.

लेक : नाही. माझे वडील पाट्या रंगवतात. माझे वडील पडदे शिवतात.

घरमालकीण : वर्तमानकाळ? नीट विचार करून सांग.

लेक : वर्तमानकाळच. जरा वाकडे शिवतात.